ज्याच्या हाती ससा तो पारधी

ही म्हण आपण सगळेच वापरतो. निवडणूक झाली, सोसायटीचे कर्ज मिळाले, कांद्याचा भाव साधला, की पारावर कोणीतरी म्हणतोच, "ज्याच्या हाती ससा तो पारधी!" माग कोणी काढला, कुत्री कोणाची होती, जाळे कोणी धरले, हे कोणी विचारीत नाही. ज्याच्या हातात ससा दिसला, पारधी तो.

आज या म्हणीकडे जरा वेगळ्या बाजूने पाहू. म्हणीतला ससा खरा समजू. माळही खरा समजू. पारधी म्हणजे येथे कोणतीही जात नव्हे, तर पारध करणारा माणूस. आता प्रश्न असा : माळावरचे ससे कमी झाले, तर पारध करणाऱ्याने हात आखडावा की नाही?

"आखडावा," असे कोणीही म्हणेल. पण म्हणणारा स्वतः आखडत नाही. तो का आखडत नाही, आणि मग काय करावे, एवढाच आजचा पाठ आहे.

आपला ससा

आपल्या नाशिक जिल्ह्यात ससा सगळीकडे राहतो. येवला, नांदगाव, सिन्नरकडच्या कोरड्या माळावर राहतो. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरातही राहतो. अंगाने मातकट, मानेवर मागच्या बाजूला काळा ठिपका. वजन साधारण दोन-तीन किलो. दिवसा गवतात दबून बसतो आणि रात्री चरायला निघतो.

पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा ससा निराळा. त्याची जात परदेशातली. तो बीळ करतो. त्याची पिल्ले उघडी, डोळे मिटलेली अशी जन्मतात. आपला रानससा बीळ करीत नाही. त्याची पिल्ले अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्माला येतात. आई त्यांना गवतात लपवून दूर जाते आणि पाजायला तेवढी परत येते. म्हणून गवतात एकटे पिल्लू दिसले, तर ते पोरके आहे असे समजू नये. उचलून घरी आणू नये. आई जवळपासच असते.

कोणी म्हणेल, "गुरुजी, ससे कशाला संपतील? ते तर भराभर वाढतात!"

असे म्हणणारे लोक ऑस्ट्रेलियाचा दाखला देतात. तो खरा आहे. १८५९ साली तेथे एका जमीनदाराने शिकारीसाठी विलायती ससे सोडले. ते इतके वाढले, की सगळा मुलूख त्यांनी खाऊन टाकला. पण ते ससे बिळात राहणारे, एका वेळी पुष्कळ पिल्ले देणारे. आपल्या रानसशाची मादी सुमारे दीड महिना पोटात वाढवते आणि एका वेळी बहुधा एक किंवा दोनच पिल्ले देते. त्यांतून कोल्हा, खोकड, रानमांजर, मुंगूस, गरुड आणि गावातली मोकाट कुत्री आपापला वाटा उचलतात. उरते ते थोडे. त्या थोड्यावर पुढचे साल चालते.

एक हिशेब

आता पाटी-पेन्सिल घ्या. हा हिशेब फक्त समजण्यासाठी आहे. यातले आकडे मनाने धरलेले आहेत.

समजा, एका गावाच्या माळावर १०० ससे आहेत. जन्मलेले मिळवले, मेलेले वजा केले, की वर्षाला शंभरामागे ३० ससे वाढतात. गावातले लोक दर साली ३० ससे मारतात. १०० अधिक ३०, वजा ३०. राहिले १००. असे कितीही वर्षे चालेल. मुद्दल शाबूत आणि व्याज खाल्ले.

पुढे एक साल दुष्काळाचे आले. गवत जळाले. ससे राहिले ५०.

लोकांची सवय मात्र तीच. ५० सशांत १५ वाढले. झाले ६५. त्यांतून ३० मारले. राहिले ३५.

दुसऱ्या साली ३५ मध्ये १० वाढले. झाले ४५. त्यांतून ३० मारले. राहिले १५.

तिसऱ्या साली १५ मध्ये ४ वाढले. झाले १९. आता ३० मारायचे म्हटले तरी ३० नाहीतच. होते तेवढे मारले. माळ रिकामा झाला.

आता दुसरे गाव घ्या. तेथेही दुष्काळ पडला आणि ५० ससे राहिले. पण त्या गावाने पारध पूर्ण थांबवली. पहिल्या साली ५० चे ६५ झाले. दुसऱ्या साली ८४ झाले. तिसऱ्या साली १०९ झाले.

दोन्ही गावांत दुष्काळ सारखाच होता. ससेही सारखेच उरले होते. तीन पावसाळ्यांत एका गावाचा माळ ओस पडला आणि दुसऱ्याचा भरला. म्हणजे ससे दुष्काळाने संपले नाहीत. दुष्काळानंतर जुनाच आकडा चालू ठेवला, म्हणून संपले. मारणाऱ्यांनी जास्त मारले नाही, नेहमीइतकेच मारले. तेच जास्त झाले.

परदेशातही हे ओळखतात. अलास्का नावाच्या थंड मुलखात ससे साधारण दहा-दहा वर्षांनी वाढतात आणि एकदम घटतात. ससे घटले, की त्यांच्यावर जगणारे लिंक्स नावाचे मोठे रानमांजर घटते. तेथे कातड्यासाठी लिंक्स धरतात. ससे घटले, की तेथील सरकार लिंक्स धरण्याचा हंगाम आखडते. पड आली, की आधी हात आखडायचा, ही तेथील रीत आहे.

"मी सोडला, तर दुसरा धरील"

मग आपल्याकडे हात का आखडत नाही? माणसे वाईट आहेत म्हणून नव्हे. येथेच आपली म्हण आडवी येते.

एक माणूस रात्री माळावर उभा आहे. समोर ससा बसला आहे. त्याला ठाऊक आहे, की यंदा ससे थोडे आहेत. पण तो मनाशी म्हणतो, "मी सोडला, तर पलीकडच्या वस्तीवरचा धरील. माझे पुण्य त्याच्या कालवणात जाईल." तो ससा मारतो. पलीकडचाही हेच म्हणतो आणि मारतो. दोघेही आपापल्या जागी शहाणे. दोघांचा मिळून माळ रिकामा.

ज्याच्या हाती ससा तो पारधी, असे असेल, तर सोडणारा वेडा ठरतो. म्हणून एकट्याने हात आखडून भागत नाही. सगळ्यांनी मिळून आखडावा लागतो.

पूर्वी एक गोष्ट आपोआप घडत असे. ससे कमी झाले, की दिवसभर हिंडून हाती काही लागत नसे. पाय दुखत. माणूस म्हणे, "जाऊ द्या, आज घरीच बसू." ससे थोडे झाले, की पारधही थोडी होई. आता मोटारसायकल आहे. डोक्याला बांधायची बॅटरी आहे. प्रकाश डोळ्यांवर पडला, की ससा जागीच बसून राहतो. शेवटचा ससाही सापडतो.

आणखी एक. माणूस केवळ सशासाठी जात नाही. तित्तर मिळेल, लावा मिळेल, म्हणून जातो. ससे संपत आले, तरी तित्तरासाठी फेरी चालूच राहते. वाटेत एखादा ससा दिसला, की तोही जातो.

जुनी रीत

आपल्याकडे जुन्या लोकांना हे कळत नव्हते, असे नाही. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या दोघा अभ्यासकांनी पश्चिम महाराष्ट्रातील भटक्या जमातींचा अभ्यास केला. १९८३ साली तो छापून आला. त्यांना असे दिसले, की फासेपारधी फासे लावून हरीण व पक्षी धरीत. नंदीवाले कुत्री घेऊन साळिंदर, डुकरांच्या मागे जात. वैदू सापळे लावून मुंगूस, रानमांजर यांसारखे लहान प्राणी धरीत. तिघे एकाच मुलखात हिंडत. पण प्रत्येकाचे साधन निराळे आणि शिकारही बहुतेक निराळी. एकाचा हात दुसऱ्याच्या ताटात फारसा जात नसे.

फासेपाऱध्यांची एक रीतही त्यांनी नोंदवली आहे. फाशात गाभण हरिणी किंवा पाडस सापडले, तर ते सोडून देत. उपाशी माणूस हातातले हरीण का सोडतो? पुढच्या साली आपण, आणि आपल्यामागे आपली मुलेच याच रानात येणार आहोत, असा त्याला भरवसा असतो म्हणून. ज्याला उद्याचा भरवसा, तो मुद्दल राखतो. ज्याला भरवसा नाही, तो आजच ओरबाडतो.

म्हणजे पहा, खऱ्या पारध्याची रीत म्हणीतल्या पारध्यापेक्षा शहाणी होती. त्याच्या हाती आलेले पाडस त्याच्या हातूनच सुटत होते.

पुढे साहेबलोकांच्या बंदुका आल्या, संस्थानिकांचे शिकारखाने आले. मग जीपगाड्या आल्या. रानेही शेताखाली आली. फासेपारधी तर गुन्हेगार जमाती कायद्याखाली चिरडले गेले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. रान कोणाचेच राहिले नाही, म्हणून ते ज्याच्या हाती बंदूक त्याचे झाले.

कायदा कसा आला

सगळ्यांनी मिळून हात आखडायचा, तर सगळ्यांना लागू होणारा नियम हवा. तोच कायदा.

१९१२ साली इंग्रज सरकारने रानपशू आणि रानपक्षी यांच्या रक्षणाचा कायदा केला. त्याच्या यादीत ससाही होता. सरकार ठरवून देईल त्या बंद काळात यादीतल्या प्राण्याला मारणे गुन्हा ठरले.

१९५१ साली मुंबई राज्याने आपला कायदा केला. नाशिक जिल्हा तेव्हा मुंबई राज्यातच होता. शिकारीला परवान्याचे नियम आले.

१९७२ साली सबंध देशासाठी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यातही लहान शिकारीचे परवाने होते. १९९१ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि ते बंद झाले.

म्हणून आज सशाची पारध पूर्ण बंद आहे. बंदुकीने नाही, जाळ्याने नाही, फाशाने नाही, कुत्र्यांनीही नाही. त्याचे मांस विकणे, बाळगणे हाही गुन्हा आहे. त्याला तुरुंगवास आणि दंड आहे. "आमच्या शेतातला ससा आमचा," असे म्हणता येत नाही. शेत आपले, ससा सगळ्यांचा.

सुरुवातीला काही महिने बंद, मग परवाना, मग पूर्ण बंद. जसजशी रानातली जनावरे घटली, तसतसा कायद्याने हात आखडला. मात्र वनरक्षक एक आणि माळ शंभर. प्रत्येक बांधावर रात्री शिपाई उभा राहू शकत नाही. कायदा कागदावर असतो. तो माळावर आणायचे काम गावाचे.

उशीर झाला तर

हात वेळेवर आखडला नाही, तर काय होते? दोन उदाहरणे घ्या.

माळढोक हा मोठा पक्षी. सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या माळांवर तो असे. मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते. लोकांनी तो मारला. माळ नांगरले गेले. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. पण तोवर पक्षी थोडे राहिले होते. पुढे विजेच्या तारांचाही घात झाला. आज महाराष्ट्रात माळढोक दिसणे ही बातमी होते.

दुसरा चित्ता. पूर्वी राजेरजवाडे त्याला पाळून त्याच्याकरवी काळवीट धरीत. रानातले चित्ते मारले गेले, धरले गेले. १९५२ साली तो भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. २०२२ साली आफ्रिकेतून विमानाने चित्ते आणून मध्य प्रदेशात कुनोच्या रानात सोडले. जे फुकट होते, ते सत्तर वर्षांनी विमानाने आणावे लागले.

ससा अजून तेथवर गेलेला नाही. म्हणूनच त्याच्याविषयी आताच बोलायचे. मूठभर उरल्यावर बोलून काय उपयोग?

वेळेवर जपले, तर काय होते, तेही आपल्या जिल्ह्यात पाहायला मिळते. नाशिकजवळच्या बोरगडला २००८ साली संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. येवला तालुक्यात ममदापूरला काळविटांसाठी असेच क्षेत्र आहे. निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्याला १९८६ साली पक्षी अभयारण्य केले. पुढे त्याचे नाव जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. महाराष्ट्रातून या यादीत गेलेली ही पहिली जागा. तेथे आता लोक दुर्बीण घेऊन येतात.

गावाने काय करावे

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार हे गाव आहे. त्या गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली. सगळ्यांनी मिळून ठरवले, म्हणून ती टिकली. एकट्याने आपली शेळी बांधून ठेवली असती, तर दुसऱ्याच्या शेळीने गवत खाल्लेच असते. त्याच ओळीत पारधबंदीचा ठराव कोणत्याही गावाला करता येईल.

१. ग्रामसभेत पारधबंदीचा ठराव करा. ठराव लिहा, वाचून दाखवा, सह्या घ्या. आता तुम्हांला वाचता येते. न वाचता अंगठा उठवू नका.

२. एक वही घाला. गावाच्या माळावर दहा जागा ठरवा. दर महिन्याला त्याच जागी जाऊन सशाच्या ताज्या लेंड्या आहेत की नाहीत, ते लिहा. दहांपैकी किती जागी दिसल्या, एवढेच लिहायचे. दोन वर्षांची वही झाली, की ससे वाढले की घटले, हे वादावादी न करता कळेल. "पूर्वी लई ससे होते," हे बोलणे झाले. वही हा पुरावा झाला.

३. सगळे बांध पेटवू नका. गायरानात वणवा लावू नका. गवताचा एक पट्टा राखा. गवत नाही, तर ससा बसणार कोठे?

४. कोवळा हरभरा, भुईमूग ससा कुरतडतो, ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे. त्यावर उपाय फासा नव्हे. बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण पीक मोठे होईपर्यंत घाला. आणि हेही ध्यानात ठेवा, की ससे खाणारे कोल्हे-खोकड उंदीरही खातात. माळ जिवंत राहिला, तर उंदरांचा बंदोबस्तही होतो.

५. कोणी रात्री बॅटरी घेऊन पारध करताना दिसला, तर वनरक्षकाला कळवा. वनखात्याचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. मारहाण करू नका. हौसेने गाडी घेऊन येणारा आणि पोटासाठी फासा लावणारा, दोघांनाही कायदा एकच. पण गावाची वागणूक एक नसावी. पोटासाठी येणाऱ्याला गावात काम द्यावे. ज्याला माग काढता येतो, त्याच्याइतका चांगला राखणदार कोण? वहीसाठी लेंड्या ओळखायला तोच शिकवील.

हा पाठ सशाचा असला, तरी ससा येथे संपत नाही. विहिरीचे पाणी घ्या, नदीतले मासे घ्या, गायरानातले गवत घ्या. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात सुमारे दोन महिने यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, ती याचसाठी. जे सगळ्यांचे आहे, ते कमी होऊ लागले, की "मी सोडले तर दुसरा घेईल" हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. त्याला एकट्याच्या चांगुलपणाने उत्तर देता येत नाही. चार माणसांनी एकत्र बसून, लिहून, सही करून उत्तर द्यावे लागते. आणि ते भरल्या माळावर द्यावे. रिकाम्या माळावर ठराव करून ससे येत नाहीत.

नवीन शब्द

पारध : शिकार.
हात आखडणे : कमी घेणे, कमी खर्च करणे.
मुद्दल : मूळ रक्कम.
गायरान : गावाच्या गुरांसाठी राखलेली जमीन.
ठराव : सभेने मिळून केलेला निर्णय.

प्रश्न

१. रानससा आणि पिंजऱ्यातला पांढरा ससा यांत कोणता फरक आहे?

२. हिशेबातल्या पहिल्या गावाने दर साली ३० ऐवजी १० ससे मारले असते, तर तीन वर्षांनी किती राहिले असते? पाटीवर मांडा.

३. फासेपारधी गाभण हरिणी का सोडून देत?

४. "मी सोडला, तर दुसरा धरील," असे तुमच्या गावात कोणकोणत्या गोष्टींबद्दल म्हटले जाते? वर्गात बोला आणि चार ओळी लिहा.